सिंगापूर ते न्यूयॉर्क : भिंतीवरच्या नकाशात न मावणारे अंतर

कार्यालयात प्रवासभत्त्याची बिले तपासणाऱ्या कारकुनाला प्रत्येक अंतरामागे काही तरी पुरावा लागतो. रेल्वेचे अंतर कोष्टकात छापलेले असते. एस.टी.चे अंतर टप्प्यांवरून निघते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. रस्त्याने गेले तर कडेला दगड असतात. परंतु दोन विमानतळांमध्ये ना रूळ, ना टप्पा, ना दगड. खाली समुद्र, बर्फ आणि माणूस नसलेले रान. तरीही सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर १५,३४९ किलोमीटर असे ठामपणे सांगितले जाते. हा आकडा कोणी मोजला? टेपचे दुसरे टोक कोणी धरले?

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न केवळ विमानात बसणाऱ्यांचा नाही. आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली शिकून दूरदेशी जाऊ लागली आहेत. घरी राहिलेल्यांना ती किती दूर आहेत हे कळायला हवे. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. दोन आकडे, एक बेरीज आणि एक गुणाकार एवढ्यावर जगातल्या सर्वांत लांब थेट उड्डाणांपैकी एकाचे अंतर घरच्या ओट्यावर बसून काढता येते.

सिंगापूर-न्यूयॉर्क हीच जोडी मी मुद्दाम निवडली. कारण एक तर ती फार लांब आहे. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ साली न्यूयॉर्क शेजारच्या नेवार्क विमानतळापर्यंत न थांबता जाणारी सेवा सुरू केली. चार इंजिनांचे ते विमान इंधन फार खाई. २०१३ साली सेवा बंद पडली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दोन इंजिनांच्या नव्या एअरबस विमानाने ती पुन्हा सुरू झाली आणि २०२० पासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर विमान उतरू लागले. या विमानाच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते आणि आसने फक्त १६१. एवढे इंधन वाहायचे तर माणसे कमीच घ्यावी लागतात. साधा, स्वस्त वर्ग त्यात नाहीच! दुसरे कारण असे की, ही दोन शहरे पृथ्वीवर अशा जागी बसली आहेत की त्यांचे गणित चौथी-पाचवीच्या मुलाला जमावे.

आमच्या शेजारच्या आक्कांचा नातू सिंगापूरला नोकरीला आहे. कंपनीने त्याला कामासाठी न्यूयॉर्कला पाठवले. आक्कांनी नातीकडून शाळेचा नकाशा मागून घेतला, त्यावर पट्टी ठेवून घेतली आणि त्या रात्री ओट्यावर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, पोरीनं पट्टी लावून दावली. लंकेवरनं जातंय म्हनं इमान. म्हंजी आपल्यापासनं लई लांबनं न्हाई गेलं त्ये."

पट्टी लावली तर रेघ खरोखरच तशी जाते. सिंगापूरहून निघून श्रीलंका, मग अरबी समुद्र, येमेन, तांबडा समुद्र, सहाराचे वाळवंट, कॅनरी बेटे आणि अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्क. नकाशात ही रेघ सरळ दिसते. सरळ म्हणजे जवळची, असे कोणालाही वाटेल. मी म्हणालो, "आक्का, विमान इकडे फिरकलंच नाही." त्यावर त्यांनी विचारले, "मग नकाशा खोटा व्हय?"

नकाशा खोटा नाही, तो सपाट आहे. संत्र्याची साल सोलून पाटावर चपटी करून पाहा. ती कुठे तरी फाटते किंवा ताणावी लागते. भिंतीवरचा जगाचा नकाशा असाच ताणलेला असतो. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली तो प्रकार जहाजांसाठी काढला. जहाजाला होकायंत्रावर एकच दिशा धरून जायचे असे, आणि या नकाशात तशी वाट सरळ रेघेने दिसते. त्या कामासाठी तो उत्तम. परंतु जसजसे वर उत्तरेकडे जावे, तसतसे सगळे फुगत जाते. ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. आणि उत्तर ध्रुव तर त्या नकाशात मावतच नाही. कागद कितीही उंच केला तरी ध्रुव त्याच्या वरच राहतो. आता ज्या दोन गावांमधली जवळची वाट ध्रुवाजवळूनच जाते, ती या नकाशात कशी दिसणार? आक्कांच्या नातीने आखलेल्या रेघेवरून विमान खरोखर गेले, तर त्याला सुमारे १८,५०० किलोमीटर जावे लागेल. म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा वळसा.

"मग किती लांब गेला त्ये तरी नीट सांग," असे आक्का म्हणाल्या. तेव्हा हिशेबच मांडला पाहिजे.

पृथ्वीवरच्या कोणत्याही ठिकाणाचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो. विषुववृत्तापासून ते किती वर किंवा खाली आहे तो अक्षांश, आणि ग्रीनिचच्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आहे तो रेखांश. एका अंशाची साठ मिनिटे. सिंगापूरचा चांगी विमानतळ १ अंश २१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि १०३ अंश ५९ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४० अंश ३८ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४७ मिनिटे पश्चिम. हे आकडे शाळेच्या नकाशापुस्तकाच्या मागच्या पानांवर शहरांच्या नावांपुढे मिळतात. एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक असला तरी बिघडत नाही.

आता रेखांशांची बेरीज करा. १७७ अंश ४६ मिनिटे. अर्धे वर्तुळ १८० अंशांचे असते. म्हणजे ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंवर आहेत. सिंगापूरला दिवस तेव्हा न्यूयॉर्कला रात्र. दोघांच्या घड्याळात उन्हाळ्यात बारा आणि हिवाळ्यात तेरा तासांचा फरक. घराच्या पुढच्या अंगणातून मागच्या अंगणात जायचे तर एक वाट घराला वळसा घालून जाते आणि एक आढ्यावरून. येथे आढे म्हणजे उत्तर ध्रुव.

ध्रुवाचा अक्षांश ९० अंश. सिंगापूरहून ध्रुवापर्यंत चढायचे अंश : ९० मधून १ अंश २१ मिनिटे वजा, बाकी ८८ अंश ३९ मिनिटे. ध्रुवावरून न्यूयॉर्कपर्यंत उतरायचे अंश : ९० मधून ४० अंश ३८ मिनिटे वजा, बाकी ४९ अंश २२ मिनिटे. दोन्ही मिळून १३८ अंश १ मिनिट. याची नुसती मिनिटे केली तर १३८ गुणिले ६०, अधिक १, म्हणजे ८,२८१. आणि येथेच या हिशेबातली गंमत आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. सागरी मैल ठरवलाच मुळी तसा. म्हणून ८,२८१ मिनिटे म्हणजे ८,२८१ सागरी मैल. १९२९ साली सागरी मैलाचे माप १,८५२ मीटर असे कायम करण्यात आले. गुणाकार करा : १५,३३६ किलोमीटर.

छापील आकडा १५,३४९. आपला हिशेब तेरा किलोमीटरांनी चुकला. पंधरा हजारांत तेरा! कोणताही लेखापरीक्षक एवढ्यावर आक्षेप घेणार नाही.

या तेरा किलोमीटरांचे कारण असे की, पृथ्वी अगदी गोल चेंडू नाही. ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे. केंद्रापासून विषुववृत्तापर्यंत ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवापर्यंत ६,३५७. त्यामुळे एका अंशाची लांबी सगळीकडे सारखी भरत नाही. हे घरात बसून कळलेले नाही. त्यासाठी माणसांना शेकडो मैल साखळ्या ओढाव्या लागल्या.

फ्रान्समध्ये क्रांतीनंतर नवे माप ठरवायचे होते, तेव्हा ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असे ठरले. त्यासाठी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत जमीन मोजली गेली. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर इतका गोळाबेरीज का येतो, याचे उत्तर हेच. आकडा निसर्गाने गोल केला नाही, मीटरच त्यातून कापून काढला. आणि दुसरी मोठी मोजणी आपल्याच देशात झाली. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली आणि मग कन्याकुमारीपासून उत्तरेकडे, सुमारे ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, देशाच्या मधोमध मोजणी चढत गेली. शंभर फुटी पोलादी साखळी आणि अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र माणसांनी वाहून न्यायचे. ते देवळाच्या शिखरांवर आणि डोंगरांच्या माथ्यांवर चढवायचे. लॅम्बटन या कामातच असताना, २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्याच्या कचेरीत राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण १८३१ साली गणनेच्या कामावर लागला आणि त्या खात्यातला पहिल्या प्रतीचा गणिती ठरला. मोजणीत तापाने मेलेले खलाशी, झेंडेवाले आणि साखळीवाले पुष्कळ होते. पृथ्वीच्या आकाराला एव्हरेस्टचे नाव मिळाले, शिखरालाही मिळाले. साखळीवाल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पगारपत्रकात अंगठे असतील, तेवढेच.

आता नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीचा गोल घेऊ. शाळेत बाराइंची गोल असतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४१८ किलोमीटर. सिंगापूरवर दोऱ्याचे टोक धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप जवळची वाट धरतो. तो साडेछत्तीस सेंटिमीटरांच्या थोडा पुढे भरतो. या वाटेने एकदा मनाने जाऊन येऊ.

चांगी विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर १९८१ साली सुरू झाला. तेथून विषुववृत्त दीडशे किलोमीटरसुद्धा दूर नाही. तेथे बाराही महिने दिवस-रात्र सारखीच आणि उकाडाही सारखाच. दोरा तेथून जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघतो. मलेशियाचा पूर्व किनारा डावीकडे ठेवून थायलंडच्या आखातावरून तो कंबोडियाच्या किनाऱ्याला लागतो. अंगकोरची प्राचीन मंदिरे त्याच्या उजव्या हाताला, पन्नास किलोमीटरांच्या आत राहतात. मग थायलंडचा ईशान्य भाग, लाओस, आणि व्हिएतनामच्या टोकाला दिएन बिएन फू. याच दरीत १९५४ साली व्हिएतनामी शेतकऱ्यांच्या फौजेने सायकलींवरून रसद वाहून फ्रेंच सैन्याला शरण आणले होते.

पुढे चीन. कुनमिंग शहर जवळजवळ थेट वाटेवर. मग डाव्या हाताला तिबेटच्या पठाराची बर्फाळ कड. ती संपली की दोरा वुवेई या गावाच्या थोडा पश्चिमेने जातो. त्याचे जुने नाव ल्यांगचौ. रेशमी वाटेवरचे हे ठाणे. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे सतरा वर्षे भिक्खू कुमारजीव येथे अडकून पडला होता. पुढे चांगआनला गेल्यावर त्याने बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे केली. सातव्या शतकात ह्युएनत्संग भारताकडे निघाला तोही येथूनच पुढे गेला. तो आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचला आणि येथल्या माणसांविषयी व पुलकेशी राजाविषयी त्याने लिहून ठेवले. त्याला जायला-यायला सोळा-सतरा वर्षे लागली. विमान ल्यांगचौपर्यंत सिंगापूरहून साधारण साडेचार तासांत आले असते.

यानंतर गोबीचे वाळवंट आणि मंगोलिया. खोव्हस्गोल नावाचे लांबट निळे सरोवर दोऱ्याला अगदी चिकटून राहते. मग सायबेरिया. हजारो किलोमीटर सूचीपर्णी झाडे, आणि खाली कधीच न वितळणारी गोठलेली माती. तुंगुस्का नदीच्या खोऱ्यात ३० जून १९०८ रोजी आकाशात प्रचंड स्फोट होऊन दोन हजार चौरस किलोमीटरांवरची झाडे आडवी झाली, ती जागा वाटेच्या पूर्वेला सव्वाशे किलोमीटरांवर. तैमिर द्वीपकल्प संपले की जमीन संपते. पुढे समुद्र, पण तो गोठलेला.

उत्तर ध्रुवापासून दोरा सुमारे २८० किलोमीटर अंतरावरून जातो. मघाशी आपण हिशेबात त्याला ध्रुवावरून नेले, कारण फरक जेमतेम पाच-सहा किलोमीटरांचा पडतो. ध्रुवावर जमीन नाही. तरंगते बर्फ आणि त्याखाली चार हजार मीटरांहून खोल पाणी. सहा महिने सूर्य मावळत नाही, सहा महिने उगवत नाही. येथपर्यंत आपण उत्तरेकडे चाललो होतो. दोरा कोठेही वळला नाही, तरी आता आपण दक्षिणेकडे चाललो आहोत! गोल फिरवून मुलांना ही जागा दाखवा. कोणत्याही सांगण्यापेक्षा ती चटकन समजते.

उतरताना पहिली जमीन लागते ती ग्रीनलंडची. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर अमेरिकेने १९५१ साली मोठा हवाई तळ बांधायला घेतला. त्याचे नाव पूर्वी थुले, २०२३ पासून पिटुफिक. तळाला जागा हवी म्हणून १९५३ साली तेथल्या इन्युइट कुटुंबांना थोड्या दिवसांच्या मुदतीत घरे सोडायला लावून सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेला, कानाक येथे पाठवले गेले. विस्थापन काय असते हे धरणांखाली गावे गेलेल्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ते बर्फातही तसेच असते. तेथून बॅफिनचा उपसागर, मग कॅनडाचे बॅफिन बेट आणि त्यावरचे क्लाइड रिव्हर हे इन्युइट लोकांचे छोटे गाव. हडसन सामुद्रधुनी ओलांडली की क्वेबेकचे तळ्यांनी भरलेले रान. माणसांची मोठी वस्ती दिसते ती थेट मॉन्ट्रियलला. दोरा शहराला खेटून जातो. पुढे शॅम्प्लेन सरोवर, हडसन नदीचे खोरे, अल्बनी, आणि समुद्राकाठी न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ. १९४८ साली तो सुरू झाला तेव्हा त्याला आयडलवाइल्ड म्हणत. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर, १९६३ च्या डिसेंबरात, त्याला त्यांचे नाव दिले गेले.

संपूर्ण वाटेत भारताचा किनारा तर सोडाच, बंगालचा उपसागरही नाही.

परंतु विमान या दोऱ्यावरून जाते का? बहुधा नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारे विमान पुष्कळदा जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावरून जाते. वाट लांब पडते, तरी वेळ वाचतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. कधी कधी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने. तो वारा पाठीशी घेतला की इंधन वाचते. याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान. ते आधी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर जाई. २०१६ च्या ऑक्टोबरात त्याला पॅसिफिकवरून नेले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ सुमारे दोन तास कमी! लांबची वाट लवकर पोहोचवते, हे नदीला पूर असताना पुलावरून फिरून जाणाऱ्या आपल्या माणसांना चांगले ठाऊक आहे.

ध्रुवाच्या वाटेला आणखीही अडचणी आहेत. बाहेरची हवा तेथे शून्याखाली साठ अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली जाऊ शकते, आणि विमानाचे नेहमीचे इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागते. म्हणून वैमानिकाला टाकीतल्या तापमानावर नजर ठेवावी लागते आणि गरज पडली तर खाली उतरून किंवा वाट बदलून जावे लागते. इंजिन बिघडले तर उतरायला जवळ विमानतळ हवा. होकायंत्र ध्रुवाजवळ भरवशाचे राहत नाही. आणि खालच्या देशाची परवानगी लागते. शीतयुद्धाच्या काळात रशियावरचे आकाश बंद होते. ते खुले झाल्यावर १९९८ च्या जुलैत कॅथे पॅसिफिकचे विमान न्यूयॉर्कहून ध्रुवाजवळून थेट हाँगकाँगला उतरले. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून अनेक देशांच्या विमानांना रशियाचे आकाश पुन्हा बंद झाले. म्हणजे हिशेबाचे अंतर एकच राहते, पण त्या वाटेने जाता येईल की नाही हे वारा, थंडी आणि सरकारे ठरवतात.

म्हणून दोन आकडे वेगळे ठेवावेत. दोन विमानतळांतले अंतर हे पृथ्वीचे माप आहे. ते बदलत नाही. विमानाने कापलेले अंतर हे त्या दिवसाचे बिल आहे.

ध्रुवावरून बेरीज करण्याची ही सोपी रीत प्रत्येक जोडीला लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाच्या झोया अगरवाल, पापगारी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून विमान थेट बंगळूरला आणले. आपल्या मुलींना ही चार नावे जरूर वाचून दाखवावीत. या जोडीला आपली रीत लावू. सॅन फ्रान्सिस्को ३७ अंश ३७ मिनिटे, म्हणजे ध्रुवापासून ५२ अंश २३ मिनिटे. बंगळूर १३ अंश १२ मिनिटे, म्हणजे ध्रुवापासून ७६ अंश ४८ मिनिटे. बेरीज १२९ अंश ११ मिनिटे, ७,७५१ सागरी मैल, १४,३५५ किलोमीटर. प्रत्यक्ष अंतर मात्र १३,९९३ सांगितले जाते. साडेतीनशेहून अधिक किलोमीटर जास्त भरले, कारण ही दोन शहरे बरोबर समोरासमोर नाहीत. त्यांच्या रेखांशांत १८० नव्हे, १६० अंशांचे अंतर आहे. रेखांशांतला फरक १८० पासून जितका दूर, तितकी ही सोपी रीत फसवी.

अशा वेळी अकरावी-बारावीच्या मुलांनी त्रिकोणमिती वापरावी. दोन्ही अक्षांशांच्या साइन घेऊन त्यांचा गुणाकार करावा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन घेऊन त्यांच्या गुणाकाराला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणावे. या दोन उत्तरांची बेरीज ज्या कोनाची कोसाइन असेल, तो कोन म्हणजे दोन गावांमधले अंशांतले अंतर. रेखांशांतला फरक ९० च्या वर असला तर त्याची कोसाइन उणे येते, तेवढे सांभाळावे. लॉगटेबल पुरते, साधा गणकयंत्र असला तर फारच बरे.

मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व. न्यूयॉर्कशी रेखांशांतला फरक १४६ अंश ३९ मिनिटे. पहिला गुणाकार ०.२१३ येतो, दुसरा उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. हा कोन ११२.७ अंशांचा. साठने गुणून ६,७६२ सागरी मैल, म्हणजे साडेबारा हजारांच्या किंचित पुढे किलोमीटर. ध्रुवावरून बेरीज केली असती तर तेरा हजार तीनशेच्या वर गेले असते. ज्यांना पडताळा पाहायचा आहे त्यांनी शाळेतल्या गोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणावा. बाराइंची गोलावर तो तीस सेंटिमीटर भरतो, दप्तरातल्या पट्टीएवढा.